चालत आलेलं सुरूचं झाड

तर समुद्रकाठी एक राज्य होतं, आणि त्या राज्याला होता एक राजा. तसा वाईट नव्हता हो तो. पण दुसऱ्याचं काही छान दिसलं की त्याचं पोट दुखायचं. खरंच दुखायचं, बरं का! वैद्य ओव्याची फक्की द्यायचे, तरी थांबायचं नाही.

राजवाडा होता डोंगरावर, आणि डोंगराच्या पायथ्याशी मासेमारांचं एक गाव होतं. नाताळ आला की घरोघरी सुरूचं झाड यायचं. मग त्याला कागदाच्या चांदण्या लावायच्या, घंटा बांधायच्या, भोवती पणत्या ठेवायच्या. सगळं गाव असं झगमगायचं की दर्यावरचे खलाशी राजवाड्याकडे ढुंकूनही बघायचे नाहीत.

झालं! राजाचं पोट दुखायला लागलं. मग त्यानं दवंडी पिटवली.

"ऐका हो ऐका! यंदा नाताळचं झाड एकच, ते राजवाड्यात! दुसऱ्या कुणी सुरूची फांदीसुद्धा तोडायची नाही!"

लोकांनी माना खाली घातल्या आणि आपापल्या घरी गेले. कातरीन तेवढी उभी राहिली.

ही कातरीन जाळी विणायची. हात सारखे चालू, आणि जीभही. तिचा नवरा इनास गावातल्या इतर गड्यांबरोबर लांबच्या मासेमारीला गेला होता. जाताना लेकीला, मोनीला, सांगून गेला होता, "नाताळच्या संध्याकाळी येतो. झाड सजवून ठेव हं. मी होडीतूनच बघेन."

आता लेकीला काय सांगायचं? कातरीन तडक सुरूच्या बनात गेली. एका उंच झाडापुढं कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"तुला तोडलं तर माझे हात तोडतील," ती म्हणाली. "नाही तोडलं तर पोर हिरमुसेल. तूच सांग, काय करू?"

वारा थांबला. आणि झाड बोललं! हो, बोललं. हसू नका.

"तोडायची बंदी आहे," झाड म्हणालं. "चालायची आहे का?"

कातरीननं जरा आठवलं. "नाही बाई. दवंडीत तसं काही नव्हतं."

"मग सरक की बाजूला. वाटेत काय उभी राहिलीस?"

आणि झाडानं चिखलातून पाय काढावा तसं एकेक मूळ वाळूतून उपसलं. मग बाईमाणसानं ओचा सावरावा तशा फांद्या सावरत निघालं गावाकडे. पुढं कातरीन, मागं झाड. कुत्री भुंकायची सोडून बघत राहिली.

घरापाशी आल्यावर वेगळीच पंचाईत. झाड उंच, घर बुटकं. मग कातरीन छपरावर चढली, चार कौलं बाजूला केली, आणि झाड दारातून वाकून आत आलं नि ताठ उभं राहिलं. बुंधा घरात, शेंडा आभाळात! मोनीनं टाळ्या पिटल्या.

तेवढ्यात कोतवाल आला. "कुणी तोडलं हे झाड?"

"तोडलंय कुठं? मुळं बघा की," कातरीन म्हणाली.

कोतवालानं ओणवं होऊन बघितलं. मुळं तर सगळी शाबूत. बिचारा मिशा चावत परत गेला.

राजानं ऐकलं आणि दुसरा हुकूम काढला. गावातल्या सगळ्या चांदण्या, घंटा, सोनेरी कागद राजवाड्यात जमा करा! शिपाई आले, पेट्या उचकटल्या, होतं नव्हतं ते घेऊन गेले. मोनीनं एक घंटा मुठीत लपवली होती, तीही काढून घेतली. पोर हुंदके देऊन रडली. कातरीनच्या हातातली जाळं विणायची सुई कडकन मोडली.

"रडू नकोस," ती म्हणाली. "घर काही रिकामं नाही आपलं."

मग दोघींनी काय केलं? शिंपले दोऱ्यात ओवले. लाल मिरच्यांच्या माळा केल्या. करवंट्या घासून घासून काळ्या चकचकीत केल्या आणि फांद्यांना टांगल्या. बघता बघता झाड नटलं. शेजारणी बघायला आल्या. पण रिकाम्या हातांनी नाही हं! कुणी काकणं आणली, कुणी पोराचं झबलं, कुणी नुसतीच दाण्यांची पुरचुंडी. फांद्या ओझ्यानं वाकल्या, पण झाड एका शब्दानं कुरकुरलं नाही.

राजाला हेही कळलं. आता मात्र तो भडकला. त्यानं तिसरा हुकूम काढला. नाताळच्या संध्याकाळी राजवाड्याबाहेर एकही दिवा लागता कामा नये. पणती नाही, मशाल नाही, चूलसुद्धा नाही.

हा हुकूम ऐकून गावातल्या बायांचे चेहरे पांढरे पडले. का, सांगा बरं? खाडीच्या तोंडाशी मोठे काळे खडक होते. गावातले दिवे बघूनच होड्या त्यांना चुकवून आत यायच्या. आणि त्याच संध्याकाळी सगळे गडी परत यायचे होते!

तिन्हीसांज झाली. राजवाडा लखलखत होता, पण तो डोंगरावर, भलत्या बाजूला. त्याच्या उजेडाकडे वळलेली होडी थेट खडकांवरच जायची. गावात डोळ्यात बोट घातलं तरी दिसणार नाही असा अंधार. दाराशी शिपाई उभे.

मग कातरीननं स्वतः विणलेलं सगळ्यात मोठं जाळं खांद्यावर टाकलं आणि चालायला लागली.

"कुठं निघालीस?" शिपायानं दरडावलं.

"जाळं धुवायला. त्याचीही बंदी आहे का?"

कातरीन छातीएवढ्या पाण्यात शिरली. आता गंमत ऐका. थंडीच्या दिवसांत कधी कधी अंधारात समुद्राचं पाणी हलवलं की निळं निळं चमकतं. कातरीननं जाळं बुडवलं, घुसळलं, वर काढलं, तर गाठीन् गाठ निळी पेटलेली! ती पळत घरी आली, छपरावर चढली, आणि जाळं शेंड्यावर फेकलं. सगळं झाड निळंशार झालं.

"दिवा विझव!" शिपाई ओरडला.

"दिवा कुठाय? ओलं जाळं वाळत घातलंय," कातरीन वरूनच म्हणाली.

वाळलं की उजेड मंदावायचा. मग शेजारीण आपलं जाळं भिजवून आणायची. मग तिसरी, मग सगळा गाव. शिपाई आडवे आले, तर बाया त्यांच्या बगलेखालून निसटल्या. पाण्यापासून छपरापर्यंत बायांची रांगच लागली. आणि झाडानं आपला शेंडा उंच, आणखी उंच केला.

"आल्या! होड्या आल्या!" मोनी किंचाळली.

एकेक होडी खडकांना वळसा घालून सुखरूप आत आली. इनास उतरला तोच मोनीनं त्याच्या गळ्यात उडी मारली.

गर्दी बाजूला झाली. बघतात तर राजा स्वतः आलेला. त्याच्या महालातली सगळी मंडळी निळं झाड बघायला सज्ज्यांत जमली होती. त्याच्या झाडापाशी कुणी उरलंच नव्हतं.

"हे झाड मला हवं," राजा म्हणाला. "सांग त्याला माझ्याबरोबर चालायला."

"नाही सांगणार," कातरीन म्हणाली.

"मान उडवीन तुझी!"

"उडवा. पण होड्यांत बसून आलेत त्या सगळ्यांची उडवावी लागेल मग." तिच्यामागं गावातली माणसं येऊन उभी राहिली होती. "झाड हवं असेल तर तुम्हीच विचारा ना त्याला. हुकूम नका सोडू, विचारा."

राजानं जन्मात कुणाला काही विचारलं नव्हतं. तो दोनदा खाकरला. मग हळूच म्हणाला, "येशील का रे?"

"नाही," झाड म्हणालं.

कुणी हसलं नाही. राजानं चिंब भिजलेल्या बाया बघितल्या, पोरांना कवटाळून बसलेले गडी बघितले, काळे खडक बघितले. मग मान वळवून कोतवालाला म्हणाला, "दिवे लावू द्या त्यांना. नेलेलं सगळं परत करा. तिन्ही हुकूम रद्द."

कोतवाल कातरीनच्या कानाशी लागला, "अगं, महाराजांचे आभार मान!"

"आमचेच दिवे आम्हाला परत दिले," कातरीन मोठ्यानं म्हणाली, "त्यात आभार कसले?"

राजानं ते ऐकलं. आणि खाली मान घालून म्हणाला, "बरोबर आहे तिचं."

मग घरोघरी पणत्या लागल्या, चुली पेटल्या, लोक जेवले, नाचले, सुखानं नांदले. झाड कातरीनच्याच घरात रुजलं. काय म्हणतोस? पावसात घर गळायचं का? गळायचं की! मग कातरीन पातेलं ठेवायची खाली.

चला, आता पाय आत घ्या, कुशीवर वळा. आणि डोळे मिटा बघू सगळ्यांनी.