शेवटची दहा मिनिटं

दिग्दर्शक वायंगणकरांचे तीन अप्रतिम सिनेमे वितरकांनी डब्यातच कुजवले होते. आज चौथ्याचा निकाल वितरक आबाशेठ लावणार होते, आणि संकलक केतकी त्यांना तो दाखवत होती. तिची लहानगी लेक शेजाऱ्यांकडे ठेवलेली, तिचंही टेन्शन होतंच.

शेठ पहिल्या रिळापासून घड्याळ बघत होते. "कंटाळा, नुसता कंटाळा! लोक उठून जातील हो."

वायंगणकर मान खाली घालून बसले. केतकीला राहवेना. पडद्यावरची म्हातारी हरवलेल्या म्हशीच्या घंटेमागे धुक्यात धावत सुटली होती. तेवढ्यात केतकीने सिनेमा थांबवला आणि दिवे लावले.

"शेठ, एवढा कंटाळा आलाय, तर शेवटची दहा मिनिटं तुम्हाला कशाला छळू? या तुम्ही."

शेठ तणतणत उठले. दारापर्यंत गेले आणि तिथेच घुटमळले.

"अहो बाई, म्हातारीला म्हैस सापडते का?"

"माहीत नाही बुवा. लोक तर आधीच उठून गेलेत ना?"

शेठ परत खुर्चीत येऊन बसले. "पुढच्या शुक्रवारी लावतो. आता दाखवा!"

केतकी दिवे मालवत असताना वायंगणकर कुजबुजले, "हे कुठे शिकलीस?"

"घरी, सर. जेवताना लेक घासाला तोंड उघडेना की गोष्ट अर्ध्यावर थांबवते."