न विचारता प्यायलेलं पाणी

हिरवेगडच्या दरबारात दिवाण त्र्यंबकपंत बोलायला लागले की खुद्द राजेही गप्प बसत. एके दिवशी पंतांची नजर सगुणाबाईंच्या आरोग्यशाळेकडे वळली. तिथे मुली विहिरींचं पाणी राखायला आणि साथ पसरण्याआधीच रोखायला शिकत.

"राज्यात कित्येक वर्षांत पटकीची साथ आली नाही," पंत म्हणाले. "मग या मुली करतात तरी काय? वैद्य बरा केलेला रोगी दाखवतो, गवंडी भिंत दाखवतो. बाईंनीही आपलं काम उद्या दरबारात आणून दाखवावं, नाहीतर शाळा बंद."

आणि विहिरींवर राखणीला असलेल्या मुलींना त्यांनी त्याच दिवशी घरी पाठवून दिलं.

दुसऱ्या दिवशी सगुणाबाई फक्त एक तांब्या आणि दोन पेले घेऊन आल्या. ऊन रणरणत होतं. त्यांनी पेला भरून पंतांपुढे धरला. पंतांनी तो ओठांजवळ नेला.

"पेठेतल्या विहिरीचं आहे," बाई शांतपणे म्हणाल्या. "कालपासून तिथे आमचं कोणी नाही."

पंतांचा हात होता तिथेच थांबला.

"परवापर्यंत हेच पाणी आपण न विचारता पीत होता, पंत. तो विश्वास हेच माझ्या मुलींचं काम. इतकी वर्षं ते दिसत नव्हतं. काल आपणच काढून घेतलंत, म्हणून आज दिसलं."

राजे सिंहासनावरून उतरून खाली आले.

"मुली आजच विहिरींवर परततील. आणि या शाळेत शिकून निघेल तिला दरबारची कायमची नोकरी," ते म्हणाले, आणि त्यांनी पाण्यासाठी बाईंपुढे हात केला.

बाईंनी त्याच तांब्यातून दुसरा पेला भरला. बाईंनी ते पाणी उकळून आणलंय का, हे न विचारता, त्यांच्यावरच्या विश्वासाने राजांनी तो एका दमात रिकामा केला.