सोनसळी सुया, तपकिरी पाणी

“म्हणजे हे माझं क्विनोलीन नव्हेच का, बाई?”

शौनकच्या हातातल्या काचेच्या तबकडीत स्फटिकांच्या सोनसळी सुया नुसत्या लखलखत होत्या. सकाळपासून साऱ्या प्रयोगशाळेला त्याने त्या आपण घडवलेलं नवं संयुग म्हणून मिरवून दाखवल्या होत्या. “पहिल्या झटक्यात जमलं!” म्हणत पेढेसुद्धा मागवले होते.

त्याच्या मार्गदर्शक कुमुदिनीबाईंनी सुया जवळून निरखल्या. त्यांचा सोमवार होता; पोटात घोटभर चहा तेवढा. ज्यापासून शौनकने क्विनोलीन करायला घेतलं होतं, त्या मूळ पदार्थाच्या रिकाम्या बाटलीच्या तळाशी चिकटलेला कण त्यांनी खरवडला, शौनकच्या सुयांत मिसळला आणि बारीक नळीत भरून तापत ठेवला.

पदार्थ दोन वेगळे असते, तर मिश्रण लवकर वितळलं असतं. ते वितळलं नाही. मूळ पदार्थ जिथे वितळतो, नेमकं तिथेच वितळलं.

“घातलं होतंस तेच परत आलंय रे.”

“मग… जे तयार झालं ते कुठे?”

“सुया गाळल्यावर खाली काय राहिलं होतं?”

“तपकिरी पाणी. अगदी घाण.”

“आम्ल होतं ना त्यात? क्विनोलीन आम्लात विरघळून गप्प बसतं. अल्कली घातली की मग बाहेर येतं… कुठे ठेवलंयस ते?”



“ओतलं.”

“कशात?”

“बेसिनमध्ये. वरून नळही सोडला… चांगला मोठा.”

पलीकडच्या टेबलावरून रेवती, त्याच्याच बरोबरीची विद्यार्थिनी, फिसकन हसली. “मग पेढ्यांचं काय करायचं, महाराज?”

कुणीच हसलं नाही तसा तिने खोका हळूच झाकून ठेवला.

शौनकला आता एकेक आठवू लागलं. तो मूळ पदार्थ बाईंनी मे महिन्याची अख्खी सुट्टी घालवून स्वतःच्या हातांनी केला होता. नायट्रोजन पोटात घेऊन बसलेलं क्विनोलीनचं हे अणूंचं कडं त्यांनी तरुणपणी कागदावर रेखलं होतं. हत्तीरोगावर त्याची चाचणी व्हावी, एवढीच त्यांची आस. आणि या महिनाअखेर त्या निवृत्त होणार होत्या. त्याला सगळं ठाऊक होतं. ‘बाई, हे पाणी टाकू का?’ असं विचारायला फक्त दोन टेबलं ओलांडायची होती.

आपल्याला सगळं येतं, या तोऱ्यात तेवढं राहून गेलं.

“रागवा ना मला, बाई.”

बाईंनी वहीतून कागदाचा एक चौकोन फाडला.

“निदान काही बोला तरी.”

बाईंनी सुया कागदावर घेतल्या. चिमूटभरच भरल्या. अंगाऱ्याची बांधावी तशी त्यांची पुडी बांधली आणि शौनकच्या तळव्यावर ठेवली.

“एवढ्यात एकदा होईल,” त्या म्हणाल्या. “बेताने कर.”

“पण तोवर तुम्ही नसाल इथे…”

“नसेन. श्रावण तोंडावर आलाय, घरी पुरणावरणाचं बघत असेन.”

त्या हसल्या, डोळे मात्र हसले नाहीत. शौनकला ते बघवेना. पुडी मुठीत घट्ट धरून तो त्यांच्या पायांशी वाकला.

बाई चटकन मागे सरल्या.

“माझ्या नको रे… आधी त्या बेसिनच्या पाया पड.”