मांसाहेबांचा हिरवा चुडा

“बाजारातली बायकांची ओळ उठवा! तिथे माझ्या घोड्यांची पागा बांधा!”

राजा धैर्यसेनाने हुकूम सोडला आणि दरबारात उभी असलेली भिवरा कासारीण लगबगीने पुढे झाली.

वर्षापूर्वी दरड कोसळून घाट बंद झाला होता. व्यापाऱ्यांचे तांडे येईनासे झाले, तसा धारणगडाचा बाजार ओस पडला. पापडवाली, सूत कातणारी, केरसुण्या वळणारी, बांगड्या भरणारी भिवरा, सगळ्यांचं भांडवल पोटापायी संपलं. नवा माल आणायचा कशातून? म्हणून सगळ्यांनी मिळून भिवराला दरबारात धाडलं होतं. ती आली मदत मागायला, आणि इथे बसायची जागाच चालली!

“महाराज, ओळ उठवू नका,” भिवरा हात जोडून म्हणाली. “खजिन्यातून थोडं भांडवल द्या. हातपाय आमचे आहेत, आम्ही फेडू.”

“बायकांचा धंदा म्हणजे काच!” राजा हसला. “आज आहे, उद्या फुटली. काचेत कोण पैसा ओततो?”

“काचेवरच माझं घर चालतं, महाराज. हाताळता येत नाही त्याच्याच हातून ती फुटते.”

दरबारात खसखस पिकली. राजाच्या भुवया चढल्या. मग एकाएकी त्याला काहीतरी आठवलं आणि तो मिशीतल्या मिशीत हसला.

महालात त्याच्या सासूबाई, मांसाहेब, मुक्कामाला होत्या. लेकीचं, म्हणजे राणीसाहेबांचं, डोहाळजेवण होतं. अशा वेळी आईच्या हातात हिरवा चुडा हवाच! पण मांसाहेबांच्या हातात काचेची बांगडी म्हणून चढत नव्हती. भरताना फुटलेल्या बांगडीचे पैसे कासार मागत नाही, नुकसान त्याचंच. त्यामुळे गावोगावचे कासार काचांचा ढीग आणि मांसाहेबांच्या शिव्या घेऊन पळाले होते. आणि मांसाहेब सगळा राग काढत होत्या जावयावर!

“ऐक,” राजा म्हणाला. “मांसाहेबांच्या दोन्ही हातांत चुडा भर. एकही बांगडी फुटली नाही, तर मागशील ते देतो. एक जरी फुटली, तरी उद्या तुमच्या ओळीत घोडे!”

“कबूल!” भिवरा म्हणाली.

मांसाहेब दरबारात येऊन बसल्या. भिवराने त्यांच्या हाताला तेल लावलं. हात काही फार मोठा नव्हता. पण बांगडी जवळ नेताच त्यांनी डोळे मिटले, दातावर दात दाबले आणि मूठ अशी आवळली, की हात नुसता लाटण्यासारखा कडक!

भिवराने बांगडी खाली ठेवली. नुसताच तळवा चोळत तिने विचारलं, “मांसाहेब, लहानपणी तुम्ही फार गरीब स्वभावाच्या असाल, नाही?”

“कोण, मी?” मांसाहेबांनी खाडकन डोळे उघडले. “अगं, मला बघून आमचे पंतोजी वाट बदलायचे!”

“काहीतरीच! राजाची लेक आणि खोड्या?”

“काहीतरीच कसं? एकदा मी त्यांच्या पगडीत कैरी लपवली. पंतोजी गेले देवळात. नमस्काराला वाकले मात्र…”

“अगंबाई! मग?”

“मग काय! कैरी टुणकन देवाच्या पुढ्यात! पुजारी म्हणाला, पंतोजी, नैवेद्य तरी पिकलेला आणायचा!”

मांसाहेब पोट धरून हसल्या. भिवराही हसत होती, पण तिची बोटं थांबली नव्हती. पुढे चिंचेच्या झाडाची गोष्ट निघाली, मग हरवलेल्या हत्तीची.

“झालं, मांसाहेब.”

“काय झालं?” त्यांनी खाली पाहिलं. दोन्ही मनगटांत हिरवागार चुडा किणकिणत होता! जमिनीवर काचेचा कणसुद्धा नव्हता.

राजा सिंहासनावरून अर्धा उठला. “कसला मंत्र घातलास गं?”

“मंत्र कसला, महाराज! फुटेल या भीतीने मांसाहेब मूठ आवळायच्या आणि आवळलेल्या मुठीपायीच ती फुटायची. गप्पांत भीती विसरल्या, हात आपोआप सैल झाला.” भिवरा राजाकडे वळली. “घाट बंद झाल्यापासून साऱ्या गावाचं हेच झालंय. गिऱ्हाईक घाबरलं, त्याने कनवटीची गाठ आवळली. व्यापारी घाबरला, त्याने वखारीला टाळं ठोकलं. आणि सगळ्यांत घट्ट मूठ…”

“बोल, बोल! कोणाची?”

“ती दरबारातच आहे, महाराज. ती सुटली की बाकीच्यांनाही धीर येईल. नाहीतर काच आमची असो की कोणाची, फुटणारच!”

राजाने आपल्या हाताकडे पाहिलं. सिंहासनाच्या दांडीवर त्याची मूठ करकचून आवळलेली होती!

“जावईबापू,” मांसाहेब म्हणाल्या, “बाई खरं बोलतेय. उघडा!”

राजाने हळूच मूठ उघडली आणि तो खो खो हसत सुटला. “हरलो, बाई! ओळ तुमचीच. ओळीतल्या प्रत्येकीला भांडवल द्या. डोहाळजेवणाचे पापडही तिथूनच येऊ देत, महालाच्या केरसुण्याही तिथूनच. आणि या भिवराला पैठणी द्या! दिवाणजी, खजिना उघडा!”

खजिन्याच्या किल्ल्या असत दिवाणजींकडे. त्यांनी तो जुडगा दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरला आणि ते कण्हले, “महाराज, एकदम सगळ्यांना?”

भिवरा पुढे सरकली आणि तिने गोड आवाजात विचारलं, “दिवाणजी, लहानपणी तुम्ही फार गरीब स्वभावाचे असाल, नाही?”

“कोण, मी?” दिवाणजी हात उडवत म्हणाले. “अहो, मी तर…”

खळ्ळकन किल्ल्या भिवराच्या पदरात पडल्या आणि राजाच्या हसण्याने सारा दरबार दणाणून गेला!