कुलपातलं कपाट

गावोगावी वाचनालयं नुकती निघत होती, तेव्हाची गोष्ट. डोंगराकडच्या एका वाचनालयाला सरकारने पुस्तकांनी भरलेलं कपाट पाठवलं. ग्रंथपाल अनसूयाबाईंनी डोळे पुसत त्याला हळदकुंकू वाहिलं आणि कुलूप लावलं. "एवढ्या प्रेमाने पाठवलंय, साहेबांना तपासणीत कोरंच्या कोरं दिसलं पाहिजे!"

कपाट टेबलावरच्या तारखेच्या शिक्क्याला म्हणालं, "उपकाराची जाण अशी ठेवतात, बघ."

"असेल बाबा," शिक्का म्हणाला, "पण माझी शाई वाळत चाललीय."

वर्षाने साहेब आले. त्यांनी एक पुस्तक काढून थेट शेवटचं पान उघडलं. पुस्तक वाचायला नेल्याच्या तारखांचा तिथला कागद कोरा होता.

"एकाही बोटाचा डाग नाही, साहेब," अनसूयाबाई अभिमानाने म्हणाल्या.

"बाई, आम्हाला तुमचे आभार याच कागदावर वाचायचे होते."

अनसूयाबाईंनी त्याच दुपारी कुलूप काढलं.

पुढच्या तपासणीला कपाटात जेमतेम चार पुस्तकं उरली होती, तीही पानं दुमडलेली. कपाटाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शिक्का मात्र शाईने माखून हसत होता.

साहेबांनी रिकाम्या फळ्यांवरून हात फिरवला. म्हणाले, "अनसूयाबाई, आणखी एक कपाट भरून पाठवतो."