देवराईतला पसारा

डोंगराच्या पायथ्याला एक गाव होतं आणि गावाला लागून एक देवराई होती. देवराई म्हणजे देवीच्या नावानं राखलेलं रान. तिथं कोयता न्यायचा नाही, वाळकी काडीसुद्धा घरी आणायची नाही, असा वाडवडिलांचा नेम. हा नेम का घातला, हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. पण पाळत सगळे होते.

देवीची पूजा आवडाबाई गुरवीण करायची. नवरा वारल्यावर तिच्यापाशी दोनच गोष्टी उरल्या होत्या, पूजेचा मान आणि त्या मानाबरोबर आलेलं राईच्या तोंडाशी असलेलं दोन खणांचं घर. पूजा गेली तर घरही गेलं, हे तिलाही माहीत होतं आणि गावालाही.

एका वैशाखात दुपारी वादळ सुटलं. दिवेलागणीपर्यंत नुसता कडकडाट. सकाळी माणसं राईत गेली आणि जागच्या जागी थिजली. चौघांच्या कवेत न मावणारे बेहडे, आंबे, जांभळी मुळासकट आडव्या पडल्या होत्या. जिथं भर दुपारी अंधार असायचा तिथं डोक्यावर मोकळं आभाळ दिसत होतं. म्हातारी माणसं लहान पोरांसारखी रडली. रडतील नाहीतर काय करतील, पणजोबांच्या पणजोबांनी पाहिलेली झाडं ती.

गावाचा एक मानकरी होता. माणूस मनाचा चांगला हो, वाईट नव्हे. पण पसारा दिसला की त्याचं डोकं फिरायचं. त्याच्या खळ्यात एक पेंढी वाकडी सापडायची नाही. तो म्हणाला, “आपलं अंगण आपण रोज झाडतो, सारवतो. मग देवीच्या अंगणात हा कचरा ठेवायचा? सगळं लाकूड काढू, पण घरी न नेता देवळाच्याच मांडवाला लावू, म्हणजे नेमही मोडायचा नाही. जमीन लख्ख करू आणि चांगली आंब्याची रोपं ओळीनं लावू.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. आवडाबाई मात्र म्हणाली, “दादा, आहे तसं राहू द्या.”

“आणि ते का गं?”

“तीस वर्षं मी राईत फिरतेय. मोठ्या झाडांखाली रोपं रुजतात, वीतभर होतात आणि तिथंच खुंटतात. ऊनच मिळत नाही त्यांना. मागं एक मोठी फांदी मोडून पडली होती. तेवढ्या जागेतली रोपं दोन पावसाळ्यांत माझ्या डोक्याबरोबर आली. आता तर केवढं ऊन येईल. ओंडके ओढायला बैल घातलेत तर ती सगळी तुडवली जातील.”

“देवीच्या दारात उकिरडा ठेवायचा म्हणतेस होय,” मागून कुणीतरी म्हणालं, आणि लोक हसले.

वाद मिटेना तेव्हा देवीला कौल लावला. देवीच्या दोन्ही खांद्यांवर फुलाच्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर मानकऱ्याचं खरं, डावी पडली तर गुरविणीचं. माणसं ताटकळली. हवा दमट, पाकळ्या ओल्या. ना उजवी पडली ना डावी. शेवटी मानकरीच म्हणाला, “देवीला दोघंही चालतायत असं दिसतं. राईतून पायवाट जाते. वाटेच्या अलीकडचं रान मी साफ करतो, पलीकडचं तुझं. पण तीन पावसाळ्यांत तुझ्या भागात रान उभं राहिलं नाही, तर पूजा दुसऱ्याकडे जाईल. कबूल?”

आवडाबाईनं एकदा आपल्या दोन खणांच्या घराकडे पाहिलं. तरी ती म्हणाली, “कबूल.”

पंधरा दिवसांत मानकऱ्याचा भाग आरशासारखा झाला. ओंडके गेले, पालापाचोळा गेला, ओळीनं रोपं लागली. येणारे-जाणारे वाटेवर थांबून म्हणत, “वा, राई असावी तर अशी.” मग पलीकडे बघत आणि नाक मुरडत. तिकडे मोडक्या फांद्यांचा नुसता गुंता होता. ओंडक्यांवर अळंबी उगवली होती, आणि उपटलेल्या बेहड्याच्या खड्ड्यात पाणी साचून बेडूक ओरडत होते.

पण उघड्या जमिनीची गोष्ट वेगळी असते. पावसानं मानकऱ्याच्या भागातली वरची माती धुऊन ओढ्यात नेली. उन्हाळ्यात खालची जमीन तापून कडक झाली. साफ रान म्हणजे गुरांना आवतणच, ती थेट आत शिरून रोपं खाऊ लागली. मानकऱ्यानं कुंपण घातलं, खांद्यावर घागरी वाहिल्या. मग रोपांवर कीड पडली. सगळी एकाच जातीची, तेव्हा एकावरची कीड दुसऱ्यावर, दुसऱ्यावरची तिसऱ्यावर. बिचाऱ्यानं कष्टात काही कसूर केली नाही.

गाव तिकडे बघत नव्हतं. गावाला आवडाबाईचा पसारा खुपत होता. दुसऱ्या उन्हाळ्यात तिच्या भागात नाग दिसला आणि बायकांनी देवीला तेल घालायला येणं सोडलं. “हिच्यामुळं देवी कोपेल,” असं त्या तिला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं बोलत. एके दिवशी देवीपुढं तिच्या दिव्याशिवाय एकही दिवा लागला नाही. आवडाबाईला रडू फुटलं. खरंच आपण हट्टानं देवीचं घर घाण ठेवलं की काय, असं तिला वाटलं. आयुष्यभर नेम पाळलेल्या त्या बाईनं घरातला कोयता उचलला आणि ती राईत गेली.

पहिली फांदी तोडायला तिनं ती बाजूला ओढली. खाली जांभळीची रोपं होती, तिच्या कमरेएवढी. शेजारी कोकम, हिरडा, उंबर, गुळवेलीचे वेल आणि तिला नावंही ठाऊक नसलेली किती तरी. गुरांना त्या काटक्यांच्या गुंत्यातून तोंड घालता आलं नव्हतं, म्हणून सगळी वाचली होती. फांदीच्या बेचक्यात बुलबुलाचं घरटं होतं. कुजक्या ओंडक्यात अळ्या होत्या आणि सुतारपक्षी त्या टिपत होता. आवडाबाईनं फांदी होती तशी परत ठेवली. कोयता घेऊन ती घरी गेली आणि कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली.

तिसरा पावसाळा सरला. पंच देवळापाशी जमले. पूजा कुणाला द्यायची, त्या माणसाचं नावसुद्धा ठरलं होतं. मानकरी म्हणाला, “आधी मी आत जाऊन बघून येतो.”

तो गेला तो बराच वेळ येईना. आला तेव्हा धोतर फाटलेलं, हातांवर ओरखडे आणि पागोट्यावर वाळकी पानं. तो पायरीवर बसला. 

“आत चालायला वाट नाही,” तो म्हणाला. “माझ्या डोक्याच्या वर रान गेलंय. पूर्वी राईत दिसली नव्हती इतक्या जातींची झाडं आहेत, फुलपाखरं आहेत. वादळातून वाचलेल्या उंबरावर धनेशाची जोडी बसली होती. आणि माझ्या भागात मोजून सात रोपं जगली आहेत, तीही पिवळी.”

 मानकऱ्यानं पागोटं काढून मांडीवर ठेवलं. “आवडाबाई, पूजा तुझीच. तुला नावं ठेवणाऱ्यांत मी पहिला होतो, तेव्हा चूकही पहिली माझी. आता वाटेच्या अलीकडचा माझा भागही तूच सांभाळ.”

“मी कसली सांभाळणार दादा,” आवडाबाई म्हणाली. “मी काहीच केलं नाही.”

“तेच तर,” मानकरी म्हणाला. “तेवढंच आम्हाला जमलं नाही.”

त्या दिवसापासून मानकऱ्याच्या भागातही कुणी झाडू नेला नाही. पलीकडची पाखरं येऊन बसू लागली, विष्ठेतून बिया टाकू लागली. पुढच्या पावसात त्या कडक जमिनीत पहिलं उंबराचं रोप उगवलं. ते कुणी लावलं नव्हतं. मानकरी रोज सकाळी येऊन ते बघायचा आणि हात पाठीमागं बांधून परत जायचा.

तात्पर्य काय, तर वादळानं पाडलेलं रान संपलेलं नसतं. त्याच पसाऱ्यातून ते पुन्हा उभं राहतं, आपण तेवढा धीर धरायला हवा.