उबघर

त्या राज्यात चोच उघडी ठेवणं हा गुन्हा होता, आणि उन्हाळा तिथं बाराही महिने असे.

प्रजा कोंबड्यांची होती. कोंबडीला घाम येत नाही. अंग तापलं की ती चोच उघडते, पंख अंगापासून दूर धरते आणि धापा टाकते. देवानं तिला तेवढाच एक उपाय दिला आहे. राज्याला छप्पर पत्र्याचं होतं. भिंतींना झडपा होत्या, पण त्या काथ्याच्या दोरीनं आवळून बांधलेल्या. कारण असं झालं, की एकदा शेजारच्या राज्याचे पाहुणे त्या बाजूनं गेले आणि त्यांना आतली सगळी प्रजा आ वासून बसलेली दिसली. महाराजांना ते फार लागलं. झडपा उघड्या राहिल्या तर लोक काय म्हणतील, असं त्यांनी विचारलं. आतले लोक कसे जगतील, हे विचारायचं काही त्यांना सुचलं नाही. मग झडपा बंद झाल्या आणि उघडी चोच म्हणजे राजनिंदा ठरली.

महाराज म्हणजे भरघोस तुऱ्याचा एक कोंबडा. तो बाहेर कडुनिंबाच्या फांदीवर राही. उन्हाचं खातं बगळ्याकडे होतं. हा बगळा दिवसभर तळ्यात उभा असे आणि तिथूनच हुकूम सोडी. उंटावरून शेळ्या हाकणारे पुष्कळ असतात, हा तळ्यातून कोंबड्या हाकत होता.

आत दुपारी कुणाला दाणा जात नसे. प्रजा भिंतीला टेकून पडून राही. अंड्यांची कवचं तर इतकी पातळ झाली होती की आई नुसती बसली तरी फुटत. सगळा जीव धापा टाकण्यात जायचा, कवचाला काय उरणार? पण खात्यानं जाहीर केलं की कोंबड्या कवचात कंजुषी करतात. मेलेल्यांबद्दल सांगण्यात आलं की त्या वेळेवर पाणी प्यायल्या नाहीत. पाणीही पत्र्याखालीच असे, चोच पोळेल असं, पण ते सांगायला चोच उघडावी लागली असती.

या राज्यात करडी नावाची एक कोंबडी होती. तिची आजवरची सगळी अंडी तिच्याच पोटाखाली फुटली होती आणि आता वय उतरत चाललं होतं. आणखी एखादं अंडं धड येईल की नाही, तिचं तिलाच ठाऊक नव्हतं. एक तरी पिलू जगावं, एवढीच तिची आस. ती महाराजांसमोर गेली तेव्हा तिनं फार काही मागितलं नाही.

"एक झडप सोडा, महाराज. एकच. आम्ही तिच्यासमोर पाळीपाळीनं उभ्या राहू."

हे बोलताना तिची चोच उघडली होती, तो गुन्हा धरायचा की नाही यावरच दरबाराचा बराचसा वेळ गेला. मग बगळ्यानं तळ्यातूनच उत्तर दिलं. झडपेचा प्रश्नच उद्भवत नाही, तो म्हणाला. छप्पर उत्तम आहे. बिघाड प्रजेत आहे, आणि तो आयांनी केलेला आहे, कारण त्या अंड्यांवरून रोज दुपारी उठतात.

हे उठणं काय, ते सांगायला हवं. खुडूक बसलेली कोंबडी दिवसातून एकदा अंड्यांवरून उठते, चार दाणे टिपते, मातीत अंग घोळते आणि परत येऊन बसते. तेवढ्यात अंड्यांना जरा हवा लागते. याला त्या 'वारा दाखवणं' म्हणत. कुणी कुणाला हे शिकवलेलं नव्हतं, पण एखादी उठली नाही तर शेजारीण तिला टोचून उठवी. बगळ्याला यात आळस दिसला, आणि आळसापेक्षाही वाईट म्हणजे चटक दिसली. पिलाला अंड्यात असल्यापासून गारव्याची चटक लागते आणि मग जन्मभर ते चोच उघडतं, असं त्यानं महाराजांना समजावलं.

"ऊन कमी करणं आपल्या हातात नाही," तो म्हणाला. "पिलाला ऊन जाणवणं मात्र कमी करता येईल. अंड्यातच."

महाराजांनी मान डोलावली. असं उबघर बांधलं गेलं. जाड मातीच्या भिंती, खाली तुसाचा अखंड विस्तव, आणि आईच्या पोटाला असते त्याहून चढी आच. प्रत्येक अंडं तिथं जमा करायचं, कुणी खुडूक बसायचं नाही, असा हुकूम निघाला. करडीच्या शेजारी भुंडी मावशी म्हणून एक म्हातारी राही. तिची शेपूट झडली होती, जीभ झडली नव्हती. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, एवढंच ती म्हणाली आणि चोच मिटून घेतली.

त्याच सुमारास करडीला एक अंडं झालं, धड, जाड कवचाचं. ते पाहून ती हरखून गेली, आणि लगेच तिला हुकूम आठवला. तिनं ते उबघरात दिलं नाही. कोपऱ्यात तुसाखाली लपवलं आणि वर बसली. भुंडी मावशी तिच्यापुढं फतकल मारून आडोसा करी. मावशीनं तिला परोपरीनं सांगितलं, की बाई गं, उठू नकोस, खात्याची टिटवी पहाऱ्यावर आहे, वारा न दाखवता उबव, जगलं म्हणजे झालं. करडीला ते पटत होतं. पण दुपार झाली की तिचं अंग आपसूक उठे. वारा न दाखवता अंडं कसं उबवायचं, हे तिला येतच नव्हतं. ती उठली, आणि तुसात पांढरं चमकलेलं टिटवीनं पाहिलं.

टिटवीनं आरडाओरडा करून राज्य गोळा केलं. ही टिटवी स्वतःच्या अंड्यांवर बसण्याआधी पोट पाण्यात भिजवून येते, म्हणजे अंडी तापू नयेत. पण ते घरचं झालं. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. करडीचं अंडं उबघरात गेलं. त्या दिवसापासून करडी उबघराच्या भिंतीला चोच लावून बसू लागली आणि क्लक् क्लक् करत आतल्या अंड्याशी बोलू लागली. भिंत इतकी तापलेली असे की तिच्या छातीची पिसं गळाली.

पिलं वेळेआधीच बाहेर आली. खात्यानं याला प्रगती म्हटलं. कित्येकांच्या बेंब्या मिटल्या नव्हत्या, कित्येकांचे पाय फाकलेले होते. ती उबघरामागं पुरली गेली आणि त्यांच्याबद्दल कुणी बोललं नाही. उरली त्यांची मिरवणूक निघाली. भर दुपारी त्यांना पत्र्याखाली उभं केलं गेलं, आणि एकाही पिलानं चोच उघडली नाही. महाराजांना म्हणे गहिवरून आलं. येणारच. निंबाच्या सावलीत गहिवर लवकर येतो. बगळ्याला त्यांनी तळ्याचा उरलेला काठही बहाल केला.

त्या मिरवणुकीतून एक ठिपक्याठिपक्यांचं पिलू निघालं आणि आवाजाच्या रोखानं थेट करडीपाशी आलं. भिंतीपलीकडून ऐकलेला आवाज त्यानं ओळखला होता. करडीनं त्याला पंखाखाली घेतलं तेव्हा तिला वाटलं, जाऊ दे सगळं, भरून पावले. लेकीचं नाव तिनं ठिपकी ठेवलं.

ठिपकी गुणी होती, आणि आईवर तिची फार माया होती. आई धापा टाकू लागली की ती कावरीबावरी होई आणि लोक बघतात गं, असं हळूच सांगे. तिला स्वतःला कधी उकडत नसे. पाण्याकडेही ती क्वचित जाई. करडीला याचं आधी बरं वाटलं, लेक सुखात आहे म्हणून. मग एका दुपारी ठिपकीच्या बरोबरीचा एक पोरगा दाणे टिपता टिपता उभ्याउभ्याच गेला. चोच मिटलेली, चेहरा शांत. पाठोपाठ आणखी गेले, तसेच. खात्यानं या पिढीच्या शिस्तीचं कौतुक केलं. करडीनं धावत जाऊन ठिपकीच्या पंखाखाली चोच घातली, तर अंग नुसतं भाजत होतं. करडीच्या स्वतःच्या अंगाइतकंच. फक्त लेकीला त्याचा पत्ता नव्हता. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात. इथं जळणाऱ्यालाच कळत नव्हतं.

त्या दिवसापासून करडी झडपेच्या दोरीला लागली. म्हाताऱ्या कोंबड्या तिच्याभोवती दाटीनं बसत आणि ती आडून एकेक धागा टोचत राही. तिची चोच सोलवटली की भुंडी मावशी टोचायला घेई. मावशी त्यातच गेली, आणि तिच्या चोचीत काथ्याचा पुंजका तसाच राहिला. तो काढायलाही करडी थांबली नाही. आपल्यासाठी ती आता काही मागत नव्हती. लेकीच्या अंगाला एकदा वारा लागावा, म्हणजे तिचं तिला कळेल, असं ती धरून चालली होती.

वर्षातल्या सगळ्यात कडक दुपारी दोरी तुटली. झडप धाडकन उघडली आणि वारा आत आला. म्हाताऱ्या पंख पसरून त्याच्यासमोर उभ्या राहिल्या, काही तर रडल्या. करडीनं लेकीला पुढं ओढलं.

ठिपकी थरथरू लागली. तिची पिसं फुलली, पाय दुमडले. सगळी तरणी पिढी चिवचिवाट करत पलीकडच्या तापलेल्या भिंतीकडे पळाली आणि एकमेकांना बिलगली. त्यांना थंडी वाजत होती, खरोखरची. मग त्यांतले धीराचे पुढं झाले. त्यांनी म्हाताऱ्यांना बाजूला ढकललं, छात्या लावून झडप रेटली आणि बंद केली, आणि ती पुन्हा उघडू नये म्हणून तिला पाठी लावून बसले. टिटवी ओरडलीसुद्धा नाही. बगळ्याला कुणी कळवलं नाही, कारण कळवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

करडी झडपेखालीच कोसळली. इतक्या दिवसांचे कष्ट, वरून ती दुपार. तिची चोच सताड उघडी होती आणि सगळं अंग धापेनं हलत होतं. ठिपकीनं ते पाहिलं. आईला तो वारा बाधला, असं तिला वाटलं. ती धावत आली, आईच्या अंगावर बसली आणि दोन्ही पंख पसरून तिनं तिला पोटाखाली घेतलं.

"चोच मीट, आई. वारा आत जातो."

तिची हाक ऐकून बाकीची पिलंही आली. एकेक करत ती करडीच्या कुशीला, पाठीला, पायांना बिलगली, कुठं फट राहू नये अशी. ठिपकीनं पिसं आणखी फुलवली आणि आईचं डोकंही आत घेतलं. बऱ्याच वेळानं खालची थरथर थांबली. आईला ऊब लागली, असं म्हणून ठिपकीनं समाधानानं डोळे मिटले.